पिनांच्या मुळाशी पू आलाय, पायाची फ्रेम काढून टाकायची का?

मराठवाड्यातल्या एका गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत. ताईंचं वय ३४. नवरा पिकअप चालवतो, सात आठवड्यांपूर्वी रात्री गाडी पलटी झाली आणि उजव्या नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. जिल्ह्याच्या गावी ऑपरेशन झालं, जखम धुतली, हाड धरून ठेवायला पिनांची लोखंडी फ्रेम बाहेरून लावली, नंतर मांडीची कातडी काढून जखमेवर लावली. घरी सोडताना ताईंना ड्रेसिंग शिकवलं, तेव्हापासून रोज त्याच करतात. दहा-बारा दिवसांपासून वरच्या दोन पिनांच्या मुळाशी घट्ट पिवळा-हिरवट पू येतोय, वास येतो, गुडघ्याजवळची पिन हात लावला तरी हलते. दोनदा थंडी वाजून ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या की दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. चार दिवसांपासून गुडघा सुजलाय, जरा वाकवला तरी नवरा ओरडतो. त्यांना शुगर आहे हे अपघातानंतरच कळलं, तंबाखू सुटलेली नाही. सासूबाई म्हणतात सुनेचा हात स्वच्छ नाही. दीर म्हणतात ते लोखंडच काढून टाका, शेजारच्या गावात एक डॉक्टर थोडक्या पैशात काढून द्यायला तयार आहेत. जिल्ह्याचं हॉस्पिटल ९० किलोमीटर लांब, पुढची तारीख बारा दिवसांनी. ताई विचारतात: हे माझ्या हातून झालं का? फ्रेम काढून टाकावी, की तारखेपर्यंत थांबावं? पाय तर जाणार नाही ना?

ताई,

तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला दोन ओळींचा निरोप पाठवला होता की तारखेची वाट बघू नका, आजच्या आज निघा, आणि तुम्ही "निघतोय" असं कळवलंत तेव्हा कुठे मला बरं वाटलं. हे सविस्तर उत्तर तुमच्यासाठी आहेच, पण ज्यांच्या घरात आत्ता कुणाच्या तरी पायाला किंवा हाताला अशी फ्रेम लागलेली आहे त्या सगळ्यांसाठीही आहे, कारण ऑर्थोच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काम करताना हीच चार-पाच वाक्यं मी नातेवाइकांच्या तोंडून सतत ऐकली आहेत.

आधी हे सांगते की मी एवढी घाई का केली. पिनेपाशी थोडं पाणी आलं म्हणून रात्री कुणाला पळवायची मला सवय नाही. पण तुमच्या पत्रात चार गोष्टी एकत्र आल्या होत्या: थंडी वाजून ताप, हलणारी पिन, शुगर, आणि त्याच पिनेच्या शेजारचा सुजलेला गुडघा. यातली शेवटची मला सगळ्यात जास्त टोचली. गुडघ्याच्या सांध्याभोवती जी पिशवी असते ती नडगीच्या हाडावर सांध्याच्या रेषेखाली साधारण १४ मिलिमीटरपर्यंत उतरलेली असते, म्हणजे वरून पिन हाडातच गेली असं दिसलं तरी ती खूप वर असेल तर त्या पिशवीतून गेलेली असू शकते, आणि मग पिनेच्या मुळाशी झालेला पू सरळ सांध्यात उतरायला वाट मिळते. सांध्यातला पू हाडाच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण थोड्या दिवसांत खराब करतो आणि ते पुन्हा पहिल्यासारखं येत नाही. तुमच्या घरी तसंच झालंय असं मी म्हणत नाही, पत्रावरून ते कुणालाच सांगता येणार नाही, गुडघ्यातून सुईने पाणी काढून तपासल्याशिवाय डॉक्टरही सांगणार नाहीत. पण तशी शंका असताना बारा दिवस थांबायचं नसतं, बारा तासही थांबायचं नसतं. ओपीडीची तारीख ही सगळं नीट चाललेल्या पेशंटसाठी असते. पू, ताप, हलणारी पिन असेल तर तारीख नसली तरी कॅज्युअल्टीत जायचं, केसपेपर दाखवायचा आणि "फ्रेमच्या पिनेला पू आहे आणि थंडी वाजून ताप येतो" हे वाक्य पहिल्यांदा बोलायचं. संकोच करायचा नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, जो तुम्ही पत्रात तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. माझ्या हातून झालं का?

ताई, फ्रेमची पिन म्हणजे मुद्दाम उघडी ठेवलेली जखम असते. नडगीत साधारण ५ मिलिमीटर जाडीचा स्क्रू कातडीतून, मांसातून हाडात जातो आणि त्याचं दुसरं टोक महिनोन् महिने हवेत राहतं. शरीर ती जखम बंद करू बघतं पण लोखंड मध्ये असल्यामुळे ती बंद होत नाही. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर जे जंतू एरवी गुपचूप राहतात, त्यात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू सगळ्यात पुढे, त्यांना आत जायला ही आयती वाट असते. मग त्यात भर पडते ती पिनेभोवती कातडी किती हलते याची, पिन घालताना ड्रिलच्या उष्णतेने आजूबाजूचं हाड किती भाजलं याची, तिथे मांस किती जाड आहे याची (म्हणून मांडीच्या पिना नडगीपेक्षा जास्त त्रास देतात), फ्रेम किती महिने राहणार याची, पेशंटच्या शुगरची आणि तंबाखूची. यातल्या किती गोष्टी तुमच्या हातात होत्या? त्यामुळे फ्रेम लावलेल्या पेशंटमध्ये पिनेपाशी थोडाफार संसर्ग होणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की हाडाचे डॉक्टर ती धरूनच चालतात.

आणि ड्रेसिंगचं म्हणाल तर जगभरातले अभ्यास एकत्र करून बघणारी कोक्रेन नावाची संस्था आहे, त्यांनी २०१३ मध्ये पिनांच्या ड्रेसिंगचे अभ्यास तपासले आणि निष्कर्ष काय काढला, तर कुठलं औषध, किती वेळा, कुठली पट्टी यातलं नक्की काय सगळ्यात चांगलं हे सांगण्याइतका पुरावाच नाही. ब्रिटनमधल्या नर्सेसच्या मार्गदर्शनात तर सगळं ठीक असेल तर आठवड्यातून एकदाच पिना साफ करायला सांगतात, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रोज किंवा दिवसाआड. मोठमोठ्या हॉस्पिटलांचं यावर एकमत नाही, तर पितळेच्या समईशेजारी पाट मांडून, हात धुऊन, शिकवलं तसं रोज ड्रेसिंग करणाऱ्या बाईच्या हातावर कुणी खापर फोडावं हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या सासूबाईंनी मधे चार दिवस हळद आणि खोबरेल तेल लावलं असंही तुम्ही लिहिलंय, आणि त्यावरून आता घरात उलटसुलट आरोप चाललेत. हळद-तेल लावायला नको होतं, ते पिनेभोवती घट्ट बसतं आणि आतलं पाणी बाहेर यायची वाट बुजवतं, पण त्या माउलीने मुलाच्या काळजीपोटी लावलं. पिन ढिली व्हायचं कारण हळद नाही. दहा-बारा दिवस तुमच्या घरात चूक कुणाची यावर बोलणं झालं, आणि त्या दहा-बारा दिवसांत पेशंट हॉस्पिटलात गेला नाही. मला काळजी त्याची वाटते. तुम्ही पू लपवायला लागलात, "दाखवला तर मलाच बोलतील" म्हणून दोन दिवस सांगितलं नाहीत असं लिहिलंय, ते वाचून मला फार वाईट वाटलं. ज्या घरात ड्रेसिंग करणाऱ्याला बोलणी बसतात त्या घरात पू उशिरा कळतो.

आता पिनेपाशी काही दिसलं की दरवेळी घाबरायचं का, तर नाही. पहिल्या काही आठवड्यांत पिनेभोवती पातळ, पाण्यासारखं किंवा किंचित पिवळसर येतं, त्याची खपली धरते, चालायला लागल्यावर थोडं वाढतं, दुखत नाही, लाल नाही, हा संसर्ग नव्हे. डॉक्टर लोक चेकेट्स-ऑटरबर्न नावाची सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात, ती घरच्यांना समजली तर खूप गोंधळ वाचेल म्हणून सांगते. पहिली पायरी म्हणजे थोडी लाली, थोडं पाणी, यात ड्रेसिंग जरा जास्त वेळा आणि नीट करायचं, बस. दुसरीत लाली पसरते, दुखतं, गरम लागतं, पू येतो, मग गोळ्या लागतात. तिसरी म्हणजे दुसरीसारखंच पण गोळ्या घेऊनही कमी होत नाही, इथे ती एक पिन काढून दुसरीकडे घालायचा विचार होतो, बाकीची फ्रेम राहू शकते. या तीन पायऱ्या किरकोळ मानतात. चौथीत एकापेक्षा जास्त पिनांभोवतीचं मांस खराब झालेलं असतं, पिना ढिल्या होतात. पाचवीत एक्स-रेवर हाडातही संसर्ग दिसतो. चौथी-पाचवी गंभीर, तिथे बहुतेकदा ती फ्रेम काढून दुसरा मार्ग धरावा लागतो. सहावी फ्रेम निघाल्यानंतरची, तिच्याकडे शेवटी येते. तुमच्या पत्रातलं वर्णन मला तिसरी आणि चौथीच्या मधलं वाटलं, आणि गुडघ्याचं वेगळं. पण हा माझा अंदाज, त्याच्यावर काही ठरवू नका.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचारा, की पू पिनेच्या भोकातून येतोय की मूळ जखमेतून, म्हणजे जिथे हाड बाहेर आलं होतं आणि कातडी लावली तिथून. नातेवाईक दोन्हीला "पायाला पू झाला" असंच म्हणतात, पण या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. उघड्या फ्रॅक्चरमध्ये रस्त्यावरची माती थेट हाडापर्यंत गेलेली असते, तिथला पू फ्रॅक्चरच्या जागी हाडालाच संसर्ग झाल्याचं लक्षण असू शकतं आणि त्याचा इलाज लांबचा असतो.

दुसरा प्रश्न फ्रेम काढून टाकायचा. दीर म्हणतात लोखंडामुळे पू झाला, लोखंड काढलं की पू जाईल. ऐकायला सरळ वाटतं आणि अर्धं खरंही आहे, कारण ढिली झालेली पिन कितीही ड्रेसिंग केलं तरी शांत होत नाही, ती काढावीच लागते. पिन हलते म्हणून संसर्ग वाढतो आणि संसर्ग वाढला की आजूबाजूचं हाड विरघळून पिन आणखी हलते, हे चक्र गोळ्यांनी तुटत नाही. पण एक ढिली पिन काढणं आणि अख्खी फ्रेम काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा उघड्या फ्रॅक्चरमध्ये नडगीचं हाड जुळायला पाच-सहा महिने सहज लागतात, कधी त्याहून जास्त. सात आठवड्यांत ते जुळलेलं नसतं. ते जागेवर आहे ते फक्त त्या फ्रेममुळे. शेजारच्या गावात थोडक्या पैशात फ्रेम निघेलही, अर्ध्या तासाचं काम आहे, पण संध्याकाळी हाड आतल्या आत हलायला लागेल, पाय वाकडा होईल, आणि हलणाऱ्या हाडात संसर्ग जास्त जोमाने पसरतो. मग नंतर जे करावं लागतं ते आजच्यापेक्षा कितीतरी मोठं, महागडं आणि लांबलचक असतं. म्हणून त्या डॉक्टरांना माझा विरोध नाही, पण त्यांना एकच विचारा, "फ्रेम काढल्यावर हाड कशाने धरून ठेवणार?" याचं नीट उत्तर नसेल तर तिथे पाय ठेवू नका.

मोठ्या हॉस्पिटलात तुमच्यापुढे साधारण तीन रस्ते येतील असं मला वाटतं. सगळ्यात सोपा म्हणजे ढिली पिन काढायची, तिचं भोक आतून साफ करायचं, चांगल्या हाडात दुसरीकडे नवी पिन घालायची आणि तीच फ्रेम चालू ठेवायची. संसर्ग एका-दोन पिनांपुरता असेल आणि एक्स-रेत हाड ठीक असेल तर बहुतेक हाच रस्ता निघतो आणि लोक उगाच फार घाबरलेले असतात.

दुसरा म्हणजे फ्रेम काढून हाडाच्या पोकळीत रॉड टाकायचा. हा सगळ्या घरांना आवडतो कारण बाहेर काही दिसत नाही, पॅन्ट घालता येते, पाहुणे विचारत नाहीत. पण यातली गोम ही की फ्रेम लावून पहिल्या दोनेक आठवड्यांच्या आत आणि पिना स्वच्छ असताना हा बदल जितका सुरक्षित असतो तितका नंतर राहत नाही, आणि पिनेला पू असताना तर नाहीच, कारण रॉड हाडाच्या पोकळीतून वरपासून खालपर्यंत जातो आणि पिनेच्या भोकातले जंतू पूर्ण हाडभर पसरू शकतात. म्हणून डॉक्टर कधी कधी फ्रेम काढून काही दिवस पाय प्लास्टरमध्ये ठेवतात, अँटिबायोटिक देतात, भोकं सुकू देतात, रक्ताच्या तपासण्या खाली येऊ देतात आणि मग रॉड टाकतात. या मधल्या दिवसांत नातेवाईक फार चिडतात, "नुसतं झोपवून ठेवलंय, बिल वाढवतात" वगैरे. ताई, ते झोपवून ठेवणं म्हणजेच उपचार आहे. घाईने रॉड टाकायचा आग्रह तुमच्याकडून होऊ देऊ नका.

तिसरा रस्ता गोल रिंगांच्या फ्रेमचा, इलिझारोव्ह म्हणतात ती. हे सांगितलं की घरचे हादरतात, की आधीच्याच लोखंडाने पू झाला आणि आता त्याहून मोठं लोखंड! म्हणून जरा थांबून सांगते. सायबेरियातल्या कुर्गान गावी गाव्रिल इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात ही पद्धत बसवली. तिच्यात जाड स्क्रूऐवजी दीड-दोन मिलिमीटरच्या बारीक तारा घट्ट ताणून लावतात, त्यामुळे हाड पक्कं धरलं जातं आणि पेशंट वजन टाकून चालू शकतो. न जुळलेलं आणि त्यात पू झालेलं हाड, ज्यात आत रॉड किंवा प्लेट घालणं धोक्याचं असतं, अशा ठिकाणी खराब हाड कापून काढून उरलेलं हाड हळूहळू लांब करायचं काम याच फ्रेमने होतं. आपल्या मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी केलेली जेस नावाची छोटी फ्रेम हाताच्या बोटांना आणि लहान मुलांच्या वाकड्या पावलांना लावतात, ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. म्हणजे बाहेरची फ्रेम ही संसर्गाचं कारण होऊ शकते आणि संसर्ग झालेल्या हाडावरचा सगळ्यात भरवशाचा इलाजही तीच असू शकते. कुठली फ्रेम, कुठे, कशी, हे बघायचं. लोखंड वाईट असं धरून बसलात तर उद्या डॉक्टर योग्य तेच सांगतील आणि तुम्ही नको म्हणाल, एवढीच मला भीती आहे. या तीनपैकी कुठला हे मी इथून सांगणार नाही.

गावातल्या डॉक्टरांच्या इंजेक्शनबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, ताप उतरवला, पण पिनेच्या लोखंडावर जंतूंचा एक चिकट थर बसतो, विहिरीच्या दगडाला शेवाळ धरतं तसा, आणि रक्तातून आलेलं औषध त्या थराच्या आत पोहोचत नाही. वरवरचे जंतू मरतात, ताप जातो, दोन दिवसांनी थरातले जंतू परत बाहेर येतात. तुम्ही लिहिलेलं "दोन दिवस बरं, परत तेच" हे त्याचंच लक्षण आहे. शिवाय अर्धवट अँटिबायोटिक पोटात गेल्यावर पू तपासायला पाठवला तर कल्चरमध्ये, म्हणजे पुवातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू बऱ्याचदा उगवत नाही आणि मग नेमकं औषध ठरवायला डॉक्टरांना अडचण होते. म्हणून हॉस्पिटलात पोहोचलात की कुठल्या गोळ्या, कुठलं इंजेक्शन, कधी दिलं, ते सगळं सांगा, रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, नाव आठवत नसेल तर त्या डॉक्टरांना फोन लावून द्या. ते रागावतील म्हणून लपवू नका. कल्चर पाठवायच्या आधी नवं अँटिबायोटिक सुरू करताय का, हेही विचारा. पेशंट फारच खालावलेला असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत आणि थांबूही नये, पण एरवी आधी नमुना, मग औषध असा क्रम असतो. संसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या सीबीसी, सीआरपी, ईएसआर या तपासण्या होतील, एक्स-रेत पिनेभोवती काळी रेघ, म्हणजे हाड विरघळल्याची खूण, दिसते का बघतील. वरवरच्या पुसलेल्या पुवापेक्षा आतून, पिन काढताना घेतलेला नमुना जास्त खरा असतो.

पाय जाईल का? बहुतेक सगळ्या पिनांचे संसर्ग ड्रेसिंग, गोळ्या आणि फार तर एखादी पिन बदलून आटोक्यात येतात. तरीही, खोटा धीर देणार नाही. दुर्लक्ष झालं तर हाडाला कायमचा संसर्ग होतो, तो वर्षानुवर्षं डोकं वर काढत राहतो, सांधा आखडतो, हाड जुळत नाही, आणि क्वचित जंतू रक्तात शिरून जीवावर बेततं. शुगरच्या पेशंटमध्ये हे सगळं लवकर होतं. म्हणून ज्यांच्या घरी फ्रेम आहे त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा: थंडी वाजून ताप, पुवाबरोबर तासातासाने पसरणारी लाली, पिन हलणं, आरामात असतानाही वाढणारा ठणका, शेजारचा सांधा सुजणं, पावलाची बोटं गार पडणं किंवा काळी-निळी दिसणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि पेशंट असंबद्ध बोलायला लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, नाडी फार जोरात चालली तर गाडी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

आता घरी परत आल्यावरचं. तुमच्या हॉस्पिटलने शिकवलेलीच पद्धत चालू ठेवा, व्हिडिओ बघून बदलू नका. तरी काही गोष्टी सगळीकडे सारख्याच. दोन्ही हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, अंगठी-बांगड्या काढून. कापूस वापरू नका, त्याचे धागे पिनेला अडकतात, गॉझ घ्या. प्रत्येक पिनेला नवा तुकडा, पू असलेली पिन सगळ्यात शेवटी. स्वच्छ करायला नॉर्मल सलाईन किंवा क्लोरहेक्सिडीन, जे सांगितलं असेल ते. अँटिबायोटिकची पावडर भुरभुरू नका, मलमाचा थर देऊ नका, दोन्हीने भोक बुजतं. हळद, तेल, तूप, राख, झाडपाला काहीही नको. पिनेभोवती गॉझ जरा दाबून गुंडाळली की कातडी कमी हलते आणि त्याचा खरंच फायदा होतो. नट-बोल्ट घरच्या पान्याने आवळायचा मोह बऱ्याच भावांना होतो, हात लावू देऊ नका. माशा बसू देऊ नका, झोपताना मच्छरदाणी. विहिरीवर, नदीवर अंघोळ नाही. आणि पाऊल खाली लोंबकळत राहू देऊ नका, टाच आखडते आणि हाड जुळल्यावरही माणूस पंजावर चालत राहतो, फिजिओला दाखवून पट्टा बांधून घ्या.

या सगळ्यापेक्षा मोठी कामं दोन. शुगर आणि तंबाखू. तुम्ही लिहिलंय की फ्रेमच्या काळजीत शुगर बघायची राहून गेली, शेवटची २५०च्या पुढे होती. शुगर तेवढी असेल तर जगातलं कुठलंही अँटिबायोटिक अर्धंच काम करतं. हॉस्पिटलात असतानाच फिजिशियनला दाखवा, इन्सुलिन सांगितलं तर नाही म्हणू नका, हाड जुळेपर्यंत तरी. तंबाखूचं तुमच्या नवऱ्याशी मी असते तर सरळ बोलले असते. भाऊ, तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला उशीर होतो आणि जखमेला रक्त कमी मिळतं, बायको रोज ड्रेसिंग करते तेवढं तुम्ही एवढं एक करा. खाण्यात डाळ, अंडी, दूध, मटकी, शेंगदाणे, परवडेल ते, पण रोज. नुसत्या भात-आमटीवर जखम भरत नाही.

पैशाचं तुम्ही संकोचत लिहिलंय. हॉस्पिटलात आत शिरल्याबरोबर आरोग्यमित्राचा, म्हणजे सरकारी योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचा, टेबल शोधा. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, हे ऑपरेशन त्यात बसतं का हे दाखल होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. तिथलं पटलं नाही तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या ऑर्थो विभागात दुसरं मत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, सगळे एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

सासूबाईंशी कसं बोलू, असं विचारलंत. भांडून नको. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांनाही घेऊन जा आणि डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर विचारा, "पू का झाला?" जे उत्तर मिळेल ते त्यांनी थेट ऐकलेलं बरं. आणि घरात अजून एका माणसाला, दिरांना म्हणा, ड्रेसिंग शिकवा. घरी आल्यापासून तुम्ही एकटीने करताय, तुम्हालाही ताप येऊ शकतो, माहेरी जावं लागू शकतं. रोज ड्रेसिंगच्या वेळी मोबाईलवर प्रत्येक पिनेचा एक फोटो काढून ठेवा, त्याच उजेडात, त्याच बाजूने. डॉक्टरांना दहा दिवसांचे फोटो एकापाठोपाठ दाखवले की त्यांना जे कळतं ते तोंडी सांगून कळत नाही, आणि घरातला वादही त्यामुळे कमी होईल.

आता ती राहिलेली सहावी पायरी. काही महिन्यांनी हाड जुळेल, फ्रेम निघेल, भोकं भरतील आणि सगळे निर्धास्त होतील. क्वचित असं होतं की भरलेलं भोक पुन्हा फुटतं आणि त्यातून पाणी येत राहतं, कारण पिनेभोवतीचं हाड अंगठीसारखं मरून आत राहिलेलं असतं. ते एक्स-रेत दिसतं, आणि छोटं ऑपरेशन करून ते भोक आतून खरवडून साफ केलं की जखम भरते. तेव्हा फ्रेम निघाल्यावर सहा महिन्यांनी जरी एखाद्या जुन्या भोकातून ओल दिसली तरी मलम लावून बघत बसू नका, जुनी फाईल घ्या आणि ज्यांनी फ्रेम लावली त्यांनाच दाखवा.